झाडावर राहिलेला काप

भातकापणी उरकत आली की आमच्या बाजूच्या वाड्यांमधून कटरचा, म्हणजे चेनसॉचा, आवाज यायला लागतो. दिवाळीच्या आगेमागे तो इतका वाढतो की एकाच डोंगरउतारावर दोन-तीन यंत्रे एकदम चालू असतात. मागच्या पिढ्यांनी कातळ फोडून, बाहेरून माती आणून लावलेली हापूसची कलमे आता चाळीस-पन्नास फुटांवर गेली आहेत. सगळी पालवी शेंड्याला आणि आत काळोख. तिथवर फवारा पोचत नाही, आंबे उतरवायचा झेला पोचत नाही आणि वर चढायला माणूस मिळत नाही. म्हणून मधल्या उभ्या फांद्या काढून कलम उघडे करायचे, उंची उतरवायची. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनाचे तंत्र शेतकऱ्यांपुढे ठेवले, तेव्हापासून हे काम बागायतदारांच्या अंगवळणी पडत गेले आहे.

या कामासाठी कटर घ्यायला दुकानात गेले की पहिला प्रश्न होतो, किती सीसीचा. दुसरा, चेन जिच्यावर फिरते ती पट्टी किती इंची. तिसरा अर्थातच किमतीचा. दुकानदार बाहेर अंगणात एक ओंडका ठेवतो, दोरी ओढतो आणि तो ओंडका किती झटक्यात दुभंगतो ते दाखवतो. बघणाऱ्यांचे समाधान होते. माझे होत नाही, कारण ओंडका मेलेला असतो. त्याला काप सरळ बसला काय, वाकडा बसला काय, साल सोलली गेली काय, काहीच फरक पडत नाही. कलमावरची फांदी खाली आली की तिच्याशी आपला संबंध जळणापुरता उरतो. वर जो काप राहतो त्याच्याशी झाडाला पुढची पन्नास वर्षे काढायची असतात. दोन यंत्रांची तुलना करायची तर ती त्या कापावर करावी, असे मला वाटते.

हे नुसते भावनेने म्हणत नाही. अमेरिकेच्या वन खात्यात ॲलेक्स शायगो नावाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. झाडांच्या आतली कूज हा त्यांचा विषय. त्यांच्या आधीच्या अभ्यासकांनी खोडाचे आडवे काप पुष्कळ तपासले होते. पण एका माणसाला पेलेल असा चेनसॉ हाताशी आल्यामुळे शायगोंना हजारो खोडे उभी चिरून पाहता आली. कूज कुठून शिरते, कुठवर जाते आणि कुठे थांबते हे त्यांना लांबीने दिसले. १९७७ साली त्यांनी आपले निष्कर्ष सचित्र पुस्तिकेत मांडले. त्यांचा सांगावा असा, की माणसाची कातडी भरून येते तसे झाडाचे लाकूड भरून येत नाही. जखमी झालेले लाकूड जखमीच राहते. झाड त्याच्याभोवती रासायनिक भिंती उभारते, त्याला कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. जखम झाकली जाते, आत ती तशीच असते.

फांदी खोडाला मिळते तिथे बुडाशी एक फुगीर कडे असते. जुन्या कलमावर ते डोळ्यांनी दिसते, आणि जिथे दिसत नाही तिथे तळवा फिरवला की हाताला लागते. झाडाचा बचाव त्या कड्यात असतो. काप कड्याच्या जरासा बाहेर बसला तर झाड त्याला कोंडू शकते. खोडाला चाटून, गुळगुळीत दिसावे म्हणून मारला, तर बचावाची भिंतच कापली जाते. हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कुजीला आतली वाट दाखवतो. जड फांदी एका दमात वरून कापली तर शेवटचा भाग तुटताना खोडाची साल खालपर्यंत सोलवटून नेते. म्हणून आधी कड्यापासून हातभर बाहेर, खालून थोडा काप द्यायचा. मग त्याहून बाहेर वरून कापून फांदीचे वजन उतरवायचे. आणि उरलेला हलका खुंट शेवटी कड्याशी नीट काढायचा. तीन काप. दोन मिनिटे जास्त लागतात. ती दोन मिनिटे जे यंत्र माणसाला देते ते माझ्या लेखी चांगले यंत्र.

या कसोटीवर सीसीचा आकडा लगेच मागे पडतो. बाजारात ३० सीसीच्या आसपासचे छोटे कटर असतात. श्टीलचे एमएस १७० त्यांतले सर्वांच्या ओळखीचे. पट्टी बारा-चौदा इंच आणि पट्टी-चेन धरल्याशिवाय वजन चार किलोच्या आगेमागे. मधल्या गटात ४५-५० सीसीची यंत्रे येतात. हुस्कवर्नाची या गटातली यंत्रे वनखात्याच्या आणि ठेकेदारांच्या माणसांकडे दिसतात. त्यावर ७० सीसीच्या पुढची, सहा किलोंहून जड, खोडे आडवी करायला बनलेली. आणि या सगळ्यांच्या आड, दहा हजारांच्या आत मिळणारी, ५८ सीसीचा आकडा मिरवणारी, बावीस इंची पट्टीची नाव नसलेली यंत्रे. आज वाड्यांमध्ये चालताना दिसतात त्यांत ही शेवटची फार आहेत. त्यांचा सोस कळतो. कमी पैशांत मोठा आकडा मिळतो, आणि ज्याची मिळकतच आंब्याच्या एका हंगामावर आहे त्याने पैशांचा विचार करू नये असे कोणी म्हणू नये.

पण बावीस इंची पट्टी कलमाच्या आतल्या दाटीत नेली की तिचे टोक कुठे आहे ते कापणाऱ्याला दिसत नाही. चेनसॉचे सर्वांत धोकादायक ठिकाण नेमके तेच: टोकाचा वरचा चतुर्थांश. तो भाग मागच्या एखाद्या फांदीला टेकला तर दात लाकडात अडकतो आणि अख्खे यंत्र वर उसळून माणसाच्या तोंडाकडे, मानेकडे येते. चेन सेकंदाला वीस मीटरच्या वेगाने पळत असते. हात मागे घ्यायला सवड मिळत नाही. म्हणूनच पुढच्या हातासमोर ब्रेकची मूठ असते. उसळी आली की चेन क्षणात थांबावी यासाठी. १९७०च्या दशकापासून नामवंत यंत्रांवर हा ब्रेक येऊ लागला. यंत्र हातात घेतले की मी आधी तो तपासते. इंजिन चालू ठेवून मूठ पुढे ढकलायची आणि चेन थांबते का पाहायचे. जिथे थांबत नाही ते यंत्र कितीही सीसीचे असो, माझ्या कलमावर चढत नाही. सात-आठ इंच जाडीच्या फांदीला बारा इंची पट्टी पुरून उरते, आणि टोक डोळ्यांसमोर राहते.

यंत्राहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चेन. तिची कथा आंबेवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका बुंध्यापाशी थांबला. बुंध्यात एका भुंग्याची जाड अळी लाकूड पोखरत होती. रेघेच्या बाजूने आणि रेघेला आडवी, दोन्हीकडे सारख्याच सहजपणे. तिचे दोन वाकडे जबडे डावी-उजवीकडे आळीपाळीने लाकूड काढत होते. तोवरच्या चेनचे दात साध्या करवतीसारखे ओरबाडत असत, आणि त्यांना धार लावण्यातच दिवसाचा मोठा भाग जाई. कॉक्सने अळीच्या जबड्यांवरून पोलादी दात घडवले: एक डावा, एक उजवा, वरून वाकलेले. १९४७ साली त्याने कंपनी काढली. आज जगभरच्या चेनवर त्याच घडणीचे दात आहेत.

ती अळी लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळातली. आमचा भिरूड त्याच कुळातला. कलमाच्या बुंध्याशी भुशाचा ढीग दिसला की घरात चिंता शिरते. तार घालून, भोक साफ करून, औषध सोडून ज्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या झगडा चालला आहे तो हा भिरूड. आणि कापाच्या उघड्या, फाटक्या कडा त्याला अंडी घालायला सोयीच्या पडतात. ज्या कुळाने चेनला दात दिले त्याच कुळातल्या किड्याला वाईट चेन आमंत्रण देते, हे मला कळले तेव्हापासून मी कानशीकडे वेगळ्या नजरेने पाहते.

धार आहे की नाही ते भुसा सांगतो. धारदार चेन जाडसर, चौकोनी कपरे फेकते. बोथट चेन पीठ काढते, धूर काढते, आणि माणूस यंत्र दाबायला लागतो. दाबले की काप भरकटतो आणि साल चिंधीसारखी फाटते. आमच्याकडे धार लवकर जाते, कारण जांभ्याची लाल धूळ सालीच्या भेगांत बसलेली असते. पट्टी एकदा जमिनीला घासली तर सकाळची सगळी धार गेलीच. छोट्या यंत्राच्या चेनला चार मिलिमीटरची गोल कानस लागते. प्रत्येक दाताला सारखे दोन-तीन हात, तीस अंशांचा कोन, आधी एका बाजूचे दात, मग दुसऱ्या. एका बाजूला जास्त घासले गेले की पट्टी कापात वळायला लागते. कानशीची किंमत यंत्राच्या किमतीपुढे काहीच नाही. तरीही यंत्र आहे आणि कानस नाही अशी घरे मी पुष्कळ पाहिली.

पेट्रोलचीही गोष्ट तशीच. या दोन-स्ट्रोक इंजिनांना पेट्रोलमध्ये तेल मिसळून द्यावे लागते. बहुतेक चांगल्या यंत्रांना लिटरला वीस मिली, काहींना दुप्पट. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते, आणि कोकणात ओलाव्याला तोटा नाही. मिश्रण टाकीत ठेवून पावसाळा काढला की कार्ब्युरेटरमधले रबरी पडदे कडक होतात आणि ऑक्टोबरात दोरी ओढून ओढून खांदा निखळायची पाळी येते. काम संपले की टाकी रिकामी करावी, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. एवढे केले तर यंत्र सोबत करते.

उंचावरच्या बारीक कामाला मात्र यांतले काहीच बरे नाही. बांडगुळाचे उदाहरण घ्या. फुलटोच्या पक्षी त्याची चिकट फळे खातो आणि बी फांदीवर पुसतो. तिथे ते रुजते, मुळांसारखे अवयव फांदीत घुसवते आणि कलमाचे पाणी पिते. ते वरवर ओरबाडून चालत नाही. जिथे चिकटले त्याच्या खालून, निरोगी लाकडातून फांदी काढावी लागते. अशा फांद्या बहुधा मनगटाएवढ्या, पण वीस फुटांवर. लांब दांड्याच्या टोकाला छोटी चेन बसवलेला पोल प्रुनर यासाठी छान, कारण माणूस जमिनीवर राहतो. फक्त सात-आठ किलोंचा दांडा डोक्याच्या वर धरून अर्धा तास काम केले की हात थरथरतात आणि काप कुठेही बसतात. बांबूला बांधलेली आकडी त्याहून हलकी, पण ती ओढून फाडते. मला स्वतःला या कामात सर्वांत आवडते ती वाकड्या पात्याची हातकरवत, ओढताना कापणारी. जपानमधल्या ह्योगो प्रांतातल्या ओनो शहरात अशा करवती बनतात आणि जगभरचे झाडांवर चढणारे कारागीर त्या कमरेला लावतात. अशा करवतीला तीन-चार इंचांची फांदी कापायला मिनिटभर पुरते. काप इतका स्वच्छ येतो की वरून रंधा फिरवल्यासारखा दिसतो. ती वापरणाऱ्याला आधी नीट उभे राहावे लागते, फांदी कुठे पडेल ते पाहावे लागते, कडे शोधावे लागते. त्यामुळे घाई आपोआप गळून पडते.

बॅटरीच्या कटरकडे मी आधी साशंक नजरेने पाहत असे. पण चेनसॉच्या इतिहासात वीज नवी नाही. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली श्टुटगार्टजवळ बनवलेला पहिला चेनसॉ विजेवर चालणारा आणि दोघांनी मिळून उचलण्याचा होता. पुढच्या वर्षी एमिल लेर्प यांनी थुरिंगियातल्या डोलमार डोंगरावर पेट्रोलचा चेनसॉ चालवून दाखवला. त्याचे वजन होते ५८ किलो. जंगलात तार पोचत नसल्यामुळे पेट्रोल जिंकले. आता बॅटरी आल्यामुळे तारच उरली नाही.

आमच्याकडे वर्षानुवर्षे कलमांवर चढणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या हातात पहिल्यांदा बॅटरीचा कटर दिला तेव्हा त्यांनी वजनाचे नाव काढले नाही, ताकदीचेही नाही. खाली उतरून म्हणाले, "वयनी, ह्या मशीनवर खालचा माणूस बोलला तं माका आयकू येतो." पेट्रोलचा कटर शंभर डेसिबलच्या वर आवाज करतो आणि कापत नसतानाही फुरफुरत राहतो. वर माणूस, खाली दोरी धरलेला माणूस, मध्ये तीस फूट, आणि दोघांत हातवाऱ्यांपलीकडे काही नाही. फांदी कधी सुटणार, दोरी ताणायची की सैल सोडायची, खाली कोणी आले आहे का, हे सगळे अंदाजाने. बॅटरीचे यंत्र दोन कापांच्या मध्ये गप्प असते. त्या गप्पपणात "थांब" हा शब्द ऐकू जातो. झाडावरच्या कामात याहून मोठी सुरक्षा मला माहीत नाही. अर्थात गप्प यंत्र बंद आहे असे समजणेही घातक. बोट लागले की ते त्याच क्षणी पळते. शिवाय बॅटरी आणि चार्जर मिळून कटरएवढेच पैसे मागतात, आणि जाड फांद्या लागल्या की एक बॅटरी फार वेळ तग धरत नाही.

वीज गेली तर बॅटरी संपतेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा हे सगळ्यांनी अनुभवले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, इकडे मंडणगड-दापोली. माड उलथले, कलमे मुळांसकट उपटली गेली, पोफळीच्या बागा रांगेने झोपल्या. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या दिवसांत पेट्रोलचा कटर म्हणजे रस्ता, रस्ता म्हणजे पाणी, औषध, डॉक्टर. बुंधाच्या बुंधा आडवा पडलेला असताना ७० सीसीच्या यंत्राचे मोल कळते, आणि त्या यंत्रांनी घरांवरची झाडे उतरवणाऱ्या लोकांचे उपकार किनारपट्टी विसरणार नाही.

पण पडलेले झाड उभ्या झाडाहून कठीण. वाकून दबलेल्या फांदीत ताण साठलेला असतो. ज्या अंगाला ती ताणली आहे तिथे आधी करवत लावली तर फांदी चिरफाळत उसळते. दबलेल्या अंगाला खोल गेले तर पट्टी चिमटून बसते. उपटलेला बुंधा कापून वेगळा केला की मुळांचा गड्डा धाडकन पुन्हा खड्ड्यात बसू शकतो, आणि त्या खड्ड्यात कोणी उभे असेल तर संपलेच. मोठे यंत्र हे काही सांगत नाही. सांगणारा माणूस लागतो. पोफळीचे दुःख तर आणखी वेगळे. कलमाची फांदी गेली तर खालून पालवी फुटते, पोफळीचा शेंडा गेला की झाड गेले. तिला फांद्या नाहीत आणि पुन्हा फुटणेही नाही. त्या बागांमध्ये कटर लावताना कुठे कापायचे हा प्रश्नच नव्हता. चिवट धागे चेनच्या चाकात गुंडाळले जात, यंत्र थांबवून कोयतीने ते काढावे लागत, आणि पुन्हा तेच. नवी पोफळ लावून सुपारी हातात यायला पाच-सात वर्षे जातात.

माणसाच्या शरीराचाही हिशेब तुलनेत धरायला हवा. जाहिरातीत तो नसतो. वर्षानुवर्षे थरथर सोसणाऱ्या बोटांतला रक्तप्रवाह आखडतो, बोटे पांढरी पडतात, बधिर होतात. युरोपातल्या लाकूडतोड्यांमध्ये हा आजार इतका पसरला की १९६०च्या दशकात हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे आधार घालण्यात आले. स्वस्त यंत्रांत हे आधार नावापुरते असतात. मांड्यांवर घालायची जी संरक्षक विजार असते तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे बाहेर ओढले जाऊन चाकात गुंततात आणि चेन जागच्या जागी अडते. आमच्याकडे ती विजार घालून कलमावर चढलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. ऑक्टोबरच्या उन्हात ती असह्य होते हे खरे. तरी निदान जमिनीवर कापणाऱ्याने ती घालावी, डोळ्यांना जाळी आणि कानांना आवरण असावे, आणि हे सगळे मालकाने घेऊन द्यावे. यंत्राच्या किमतीतच ते धरले पाहिजे.

एवढे सगळे पाहूनही जे यंत्राच्या हाती नाही ते उरतेच. कलमे उतरवण्याचे काम आमच्या भागात अनेकदा 'लाकूड तुझे' या बोलीवर दिले जाते. ठेकेदार मजुरी कमी घेतो किंवा घेतच नाही, आणि निघालेले लाकूड नेतो. त्याला बारीक फांद्यांत काही मिळत नाही; जाड फांदी, तीही बुडापासून, हेच त्याचे उत्पन्न. उत्तम यंत्र, नवी चेन, कसलेला हात असला तरी या बोलीने काप खोडाला चाटूनच बसणार. दुसरी बोली झाडामागे दराची. तिथे दिवसाला जितकी कलमे जास्त तितका पैसा जास्त, म्हणजे तीन कापांऐवजी एक काप आणि खाली सोललेली साल. यात त्या माणसाला दोष देता येत नाही, त्याच्यापुढे आपण हिशेबच तसा ठेवलेला असतो.

म्हणून आम्ही आता रोजावर काम देतो. लाकूड घरचे राहते. ते विकून आलेल्या पैशांतून मजुरीचा काही भाग निघतो. कोणत्या फांद्या काढायच्या त्यांवर आदल्या दिवशी चुन्याचे पट्टे ओढतो. एका वर्षात सगळे झाड उघडे करत नाही, कारण आतले खोड एकदम उन्हात आले की साल करपते आणि भिरुडाचे फावते. काप झाला की त्याच दिवशी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाण्याचे बोर्डो मलम लावतो. ते लावायला मी स्वतः शिडीवर चढते, आणि ब्रश हातात असतानाच प्रत्येक काप जवळून पाहते: कडे राखले आहे का, कडा तुटक्या आहेत का, साल कुठे सुटली आहे का. शेजारच्या दोन बागायतदारांशी बोलणे झाले आहे. तिघांत मिळून एक मधला पेट्रोल कटर, एक बॅटरीचा, चार हातकरवती आणि दोन विजारी घ्यायच्या, आणि चढणाऱ्या माणसाला चेनला धार लावण्याच्या वेळेचीही मजुरी द्यायची. या यादीतल्या शेवटच्या कलमावर अजून एकमत व्हायचे आहे.